माळ्यावरचं कांडेचोर : घरदुरुस्तीच्या नोंदी, २०२५

२ फेब्रुवारी, रविवार

आईला घेऊन गावी येऊन आठ दिवस झाले. घर गुहागर तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, मध्ये फळ्यांचा माळा. बाबा गेल्यापासून सहा वर्षं हे घर गणपती आणि शिमग्यापुरतंच उघडत होतं. आता आई कायमची इथे राहणार आहे, म्हणून पावसाआधी सगळं ठाकठीक करायचं ठरवलं: वायरिंग, न्हाणी, स्वयंपाकघराचा ओटा, आणि मे महिन्यात कौलं चाळून घ्यायची. त्या कामांची वही वेगळी आहे. पण पहिल्याच आठवड्यात जे काम मध्येच उपटलं, त्याच्या नोंदी इथे ठेवते.

रात्री साडेनऊला माळ्यावरून काहीतरी चालत जातं. उंदीर नव्हे. उंदरांची नुसती पळापळ असते, हे पाऊल टाकत जातं. देवघराच्या वर सुरू होतं, माजघरावरून मागच्या वळचणीपर्यंत जातं, क्षणभर थांबतं, आणि कौल खडकन् वाजतं. पहाटे पाचच्या सुमाराला तसंच परत. माझी झोप उडालीय. आई शांत आहे. म्हणाली, "कांडेचोर असेल. तुझ्या आजोबांच्या वेळीही होतं. झोप आता."

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी शिडी लावून माळ्यावर चढले. तोंडाला ओला पंचा, हातात बॅटरी. देवघरावरच्या कोपऱ्यात जुन्या गोधड्यांचा गठ्ठा आहे, त्याच्या मधोमध बसून बसून झालेला खळगा आणि त्यात राखाडी-काळे केस. दुसऱ्या टोकाला, आढ्याखाली, विष्ठेचा एकच मोठा ढीग. बाकी माळा स्वच्छ. हे जनावर रोज ठरलेल्या जागीच जातं.

तो ढीग मी बराच वेळ बघत बसले. भेरली माडाच्या काळ्या टणक बिया, चिकूच्या चकचकीत चपट्या बिया, पेरूचा चुरा, मध्येच उंदराच्या केसांचा गुंडा आणि कसल्याशा किड्याचे पंख. परसात विहिरीमागे चार भेरली माड आपोआप उगवलेत, ते कुणी लावले हे आईला आजवर माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

आणि वास! ढिगाचा नव्हे, गोधड्यांजवळचा. आंबेमोहोर भाताचं झाकण उघडल्यावर येतो तसा. मी तर खाली आईनं कुकर लावला की काय म्हणून विचारलं.

घाबरायचं काही नाही, हे स्वतःला सांगायला लिहून ठेवते: हे मांजर नव्हे. उदमांजर. आमच्याकडे कांडेचोर, घाटावर मसण्या ऊद. त्या नावामुळे लोकांच्या मनात मढी उकरण्याच्या गोष्टी बसल्यात. माझ्या समोर जो ढीग आहे त्यात फळं आणि उंदीर आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

आज चूक केली. नीट लिहून ठेवते, कारण ही चूक कुणीही करेल.

मागच्या वळचणीला, भिंत आणि वाश्यांच्या मधे, एक चिरा ढासळून वीतभर रुंद भोक पडलंय. कडा तेलकट, काळपट, घासून गुळगुळीत झालेल्या. ये-जा इथूनच. मी दुपारी बारा वाजता विटांचे तुकडे आणि सिमेंट लावून ते बुजवलं आणि मोकळी झाले.

जनावर रात्री फिरतं. म्हणजे दुपारी बारा वाजता ते आत होतं.

रात्री साडेनऊला चालत गेलं, भोकापाशी थांबलं, आणि मग जे सुरू झालं ते ऐकवत नव्हतं. खरवडणं, धडपडणं, मध्येच फिस्कारल्यासारखा आवाज. अकराच्या सुमाराला माजघराच्या वरची एक फळी वाकली आणि फटीतून नखं दिसली. आईनं मला नुसतं एवढंच म्हटलं, "उघड ते." बाहेरून शिडी लावली, शेजारच्या आप्पांनी बॅटरी धरली, ओलं सिमेंट पहारीनं काढलं. आम्ही दूर होऊन दिवे घालवले. वीस मिनिटांनी एक लांबलचक शेपूट कौलांवरून फणसाच्या फांदीवर गेली.

ओल्या सिमेंटमध्ये रक्ताचा एक ठिपका होता. नख तुटलं असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन केला. दुसऱ्या दिवशी नव्हे, आजच संध्याकाळी वनरक्षक येऊन पाहून गेले. आजवर मी ज्यांच्याशी बोलले त्यांपैकी सगळ्यात नेमकं त्यांनीच सांगितलं. पकडायचं नाही, हात लावायचा नाही. चुकून चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जायचं. आत पिल्लं आहेत का ते आधी बघा, म्हणाले. आणि निघताना भोकाकडे बोट दाखवून: "हे तुमच्या घराचं काम आहे, त्या जनावराचं नाही."

दादाचा मुंबईहून फोन. त्याचं म्हणणं, पिंजरा लावू, पकडू, गाडीत घालून घाटात सोडून येऊ, कुणालाच त्रास नाही. त्याला वाईट काही करायचं नाहीये, हे मला कळतं. पण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा सापळा लावून पकडण्यालाही शिकारच म्हणतो. आपल्या मनानं कुणालाही ते करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी घाटात सोडलेल्या कांडेचोराला तिथली झाडं, पाणी, लपायच्या जागा काहीच ठाऊक नसतं. त्या रानात आधीपासून दुसरी असतात. आणि इथलं भोक तसंच उघडं राहतं. चिकू पिकले की नवीन कुणीतरी येतं. दादाला म्हटलं, तू पकडून नेशील ते जनावर, मला बंद करायचंय ते भोक.

तो गप्प बसला. पटलं असं नाही, पण पुढच्या महिन्यात येताना वेल्डमेश, म्हणजे जाड तारांची चौकटीची जाळी, घेऊन येतो म्हणाला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

घराभोवती तीन फेऱ्या मारल्या. एक खालून, एक शिडीवरून, एक अंधार पडल्यावर आत माळ्यावर दिवा लावून आणि बाहेरून बघत. शेवटची फेरी सगळ्यात उपयोगी. जिथून उजेड बाहेर पडतो तिथून काहीतरी आत येऊ शकतं. वर, कोन्याच्या कौलांपाशी, चांदण्यासारखे ठिपके दिसले.

मोजून अकरा जागा. प्रत्येक भोकात वर्तमानपत्राचा सैल बोळा कोंबून ठेवला. तीन रात्री जो बोळा जागचा हलला नाही ते भोक वापरात नाही, ते बंद करायला हरकत नाही. ढकलला गेला की समजायचं. खाली चुलीतली राख चाळून पातळ पसरली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अकरापैकी नऊ बोळे जागच्या जागी. मागच्या भोकातला बोळा अंगणात, अपेक्षेप्रमाणे. न्हाणीच्या वरचाही थोडा सरकलाय. तिथल्या राखेत नखाएवढी बारीक पावलं होती, म्हणजे उंदीर.

मागच्या राखेतलं पाऊल मात्र बघण्यासारखं उमटलं होतं. पाच बोटं. मांजराच्या ठशात चार दिसतात. मी वहीचं पान शेजारी ठेवून पेन्सिलीनं त्याचं चित्र काढलं, आई मागे उभी राहून बघत होती. "केवढंसं आहे गं," म्हणाली.

८ मार्च, शनिवार

दादा येऊन गेला. दोन दिवसांत बरंच उरकलं. नऊ भोकं बंद. जिथे चिरा निसटलाय तिथे चिरा आणि चुना-सिमेंट, वाश्यांच्या मधल्या मोकळ्या जागांना अर्धा इंच चौकटीची वेल्डमेश, आतून पट्टी मारून. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी पातळ जाळी सुतारदादांनी नाकारली. हातानं ओढून दाखवली, लगेच वाकडी झाली. जाळी लावताना वारा बंद होणार नाही हे पाहिलं, नाहीतर पावसात वासे कुजतात. न्हाणीवरच्या भोकात आणखी दोन आठवडे बोळा राहू दे असं ठरलं. मागचं, मुख्य भोक मुद्दाम उघडं ठेवलंय.

झाडांचं काम जास्त वेळखाऊ. फणसाची एक फांदी थेट पाख्यावर टेकली होती, ती तोडली. चिकूच्या दोन छाटल्या. छपरापासून दीड-दोन मीटर तरी मोकळं हवं. सुतारदादा म्हणाले, उडी मारायचं मनात आणलं तर मारेलही, पण रोज उडी मारणं आणि रोज चालत येणं यात फरक आहे. नारळ घराला लागून आहे, तो तोडायचा प्रश्नच नाही. त्याच्या बुंध्याला पुरुषभर उंचीवर दोन फूट रुंद पत्रा गुंडाळला. उंदरांसाठी सगळेच बागायतदार करतात तसा. खिळे न मारता तारेनं, वाढीला थोडी ढील ठेवून.

खांबावरून घरात येणारी विजेची वायर मात्र तशीच आहे. रात्री तिच्यावरून शेपटी तोलत ते चालत येतं, आईनं खिडकीतून पाहिलं.

१३ मार्च, गुरुवार, होळी

घर भरलंय. बारा माणसं. काम बंद.

१६ मार्च, रविवार

दुपारी सगळी जेवून पडली होती. देवघरात समई पुसत बसले असताना वरून आवाज आला. अगदी बारीक, चिमणीच्या पिल्लासारखा, पण ओढून ओढून. एक, मग दुसरा. मग एक दबका घरघराट आणि शांतता.

पिल्लं आहेत.

म्हणजे फेब्रुवारीत मी तिला आत कोंडलं तेव्हा ती गाभण होती. आणि त्या दिवशी मी जर उलट चूक केली असती, रात्री ती बाहेर असताना भोक बुजवलं असतं आणि तेव्हा पिल्लं आत असती, तर ती तिथेच वाळून मेली असती आणि तिनं छप्पर फोडलं असतं. हे लिहिताना हात थरथरतोय.

आत्तापासून माळा बंद. कुणी चढायचं नाही. गोधड्या राहू देत.

२१ मार्च, शुक्रवार

शाकारणीचे गडी १२ मेला यायचे ठरलेत. त्यांना फोन करून मेच्या शेवटच्या आठवड्यावर ढकललं. "पाऊस सात जूनला येतो ताई, तेव्हा होईल," म्हणाले. पिल्लं आईमागून स्वतः चालायला लागेपर्यंत साधारण दोन महिने धरायचे. मध्य मार्च ते मध्य मे. त्यात आठवडाभर जास्तीचा. हिशेब बसतोय.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी गुढी उभी केली आणि दुपारी खालच्या वाडीतल्या काकी आल्या. त्यांची सहा पिल्लं आणि एक तलंग गेली, दोन रात्रींत. काकींच्या डोळ्यांत पाणी होतं. विधवा बाई, अंडी-कोंबड्या विकून मीठ-मिरची भागवते. म्हणाल्या, "तुमच्याकडं ठेवलंय ना ते वर. आता पोरगा म्हणतो भातात कालवून ठेवू काहीतरी."

मी त्यांना ते चूक आहे असं सांगत बसले नाही. त्यांचं नुकसान खरं आहे. कांडेचोर कोंबडी सोडत नाही, मिळाली तर नेतं. मी म्हटलं, चला, खुराडं बघू.

खुराडं म्हणजे बांबूच्या कामट्या, वर झावळ्या, खाली माती. मागच्या बाजूला माती उकरलेली होती आणि दाराला कडी नव्हती, दगड लावायच्या. उकरलेलं काम कांडेचोराचं नसेलही, कोल्हाही असेल. पण ते शोधून काय उपयोग? आमच्याकडे उरलेली वेल्डमेश नेली. सुतारदादा आणि काकींचा मुलगा दोघांनी मिळून दोन दिवसांत खुराडं नवं केलं. जमिनीपासून दोन फूट वर, चार खांबांवर. तळाला, बाजूंना जाळी. दाराला दोन कड्या, एक वर एक खाली, कारण एकच असली की कोपरा वाकवून आत तोंड घालता येतं. दिवस मावळायच्या आत कोंबड्या आत. बस, एवढंच.

विषाबद्दल बोलणं झालं ते काकींच्या मुलाशी, तेही जाळी ठोकता ठोकता. विष घातलेला भात कांडेचोरच खाईल असं कुणी सांगावं? त्यांची मोती कुत्री रात्री मोकळी असते. विष खाऊन मेलेला उंदीर घुबड खातं, घुबडही जातं. आणि पकडले गेलो तर कायद्यानं तुरुंग आहे. तो ऐकून घेत होता. शेवटी त्यानंच विचारलं, "आणि तुमच्या माळ्यावरची पोरं?" "मे महिन्यात जातील," म्हटलं. "पोरं असताना कोण घर सोडवतं?" काकी म्हणाल्या. त्यानंतर विषाचा विषय निघाला नाही.

१२ एप्रिल, शनिवार

मागच्या भोकासमोर, गोठ्याच्या खांबाला, अंधारात दिसणारा छोटा कॅमेरा बांधला. हालचाल झाली की चित्रण सुरू होतं. पहिल्याच रात्री ती स्पष्ट दिसली. कपाळावर फिकट पट्टा, डोळ्यांभोवती काळा मुखवटा, पाठीवर ठिपक्यांच्या ओळी, अंगाएवढीच लांब शेपूट आणि शेपटीवर कडी नाहीत. कडी असती तर जवादी मांजर. ते जमिनीवरचं, सहसा माळ्यावर येत नाही. पोटाखाली सडं ओघळलेली. डाव्या पुढच्या पायाचं एक नख नाही.

२० एप्रिल, रविवार

आपल्याकडे येणारा प्रत्येक जण एक उपाय सांगून जातो. आज तीन आले. डांबरगोळ्या: त्यांची वाफ फळ्यांतून खाली आईच्या खोलीत उतरेल, आणि पिल्लं त्यातच. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं यंत्र: चुलतभावानं मागवून दिलं, चार रात्री गोठ्याकडे लावलं, कॅमेऱ्यात ती त्याच्यासमोर बसून पंजा चाटताना दिसली. मिरचीची धुरी: पिल्लांना पळता येत नाही तोवर धुरी म्हणजे त्यांना गुदमरवणं. यंत्र परत पाठवलं. बाकी दोन्हींचा विचारही केला नाही.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

पहिली अढी. आमच्याकडे अढी कायम माळ्यावर, पेंढ्यात घालायची पद्धत. यंदा खाली माजघरात, क्रेटमध्ये, वर जाळीची झाकणं. आईला ते आवडलं नाही. "माळ्याची ऊब वेगळी." खरं आहे. पण पिकत्या हापूसचा वास माळ्यावर असताना कुठल्या कांडेचोराला घर सोडवेल? झाडाखालचा पडलेला आंबा, चिकू रोज संध्याकाळी उचलून लांब, कुंपणाबाहेरच्या जांभळीखाली टाकते. खाण्याचं बाहेर राहिलेलं सगळं रात्री आत. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि मला वाटतं सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो.

८ मे, गुरुवार

तीन!

७ वाजून ५२ मिनिटांनी ती बाहेर आली, वळून आत बघितलं. मग एक तोंड. ते परत आत. मग दोन तोंडं. तिसऱ्यानं भोकात अडकल्यासारखं केलं आणि धपकन गोठ्याच्या कौलांवर उतरलं. चौघं एका रांगेत पाख्यावरून गेली, शेपट्या सरळ. आईनं ते चित्रण सात वेळा पाहिलं.

१३ मे, मंगळवार

सुतारदादांनी एकतर्फी दार बनवलं. वेल्डमेशचा चौकोनी बोगदा, फूटभर रुंद, दोन फूट लांब, भोकावर घट्ट बसवलेला. बाहेरच्या टोकाला वरून बिजागऱ्या लावलेलं हलकं पत्र्याचं झाकण. आतून ढकललं की उघडतं, सोडलं की पडतं, बाहेरून नख घालायला फट नाही. पत्र्याच्या कडांना रबरी नळी चिरून लावली, कापू नये म्हणून. सध्या झाकण दोरीनं वर बांधून ठेवलंय. चार दिवस बोगद्याची सवय होऊ दे.

१७ मे, शनिवार

आठला ती बाहेर, मागोमाग दोन पिल्लं. तिसरं नाही. मी दोरी हातात धरून अंगणात बसले होते, दोन तास. साडेदहाला दोरी परत बांधली आणि उठले. तीनपैकी दोन मोजून झाकण पाडायचं नाही.

१९ मे, सोमवार

काल चौघंही आत राहिली. आज ९ वाजून १० मिनिटांपर्यंत चौघंही बाहेर. कॅमेऱ्यात तीनदा मोजलं. साडेनऊला दोरी सोडली. झाकण टक् करून पडलं.

पहाटे पावणेपाचला ती परत आली. मी खिडकीत जागी होते. झाकण हुंगलं, पंजानं ढकललं, वर चढून बिजागरी हुंगली. पिल्लं मागे एकावर एक बसून. दहा मिनिटं तिनं प्रयत्न केला असेल. मग ती वळून गोठ्याच्या छपरावर गेली आणि तुटलेल्या कौलातून आत उतरली.

गोठा पाच वर्षं रिकामा आहे. तो मी फेब्रुवारीपासून मुद्दाम हात न लावता ठेवला होता. घराला लागून असला तरी तिथे कुणी झोपत नाही.

२१ मे, बुधवार

कालपासून पाऊस. वळवाचा म्हणावा तर थांबतच नाही. गडी म्हणतात उद्या बघू.

माळ्यावर राख पसरलीय, दोन रात्री एकही ठसा नाही. आत कुणी राहिलेलं नाही.

२५ मे, रविवार

काल कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून किनाऱ्यावर चढलं, म्हणजे आमच्या डोक्यावरूनच. आज मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचल्याचं हवामान खात्यानं सांगितलं. सात जूनला येणारा पाऊस २५ मेला. कौलं चाळायची राहिली ती राहिलीच. १२ मेला गडी आले असते तर घर कोरडं असतं.

माजघरात पाच ठिकाणी गळतंय. पातेली, घमेली, पिंप. देवघरावर ताडपत्री. आई एका हातानं घमेलं सरकवते, दुसऱ्या हातानं जपमाळ. मी तिला विचारलं, चुकलं का आपलं? ती म्हणाली, "घर गळालं तर पुसता येतं."

भोक मात्र २३ तारखेला एका उघडिपीत बंद झालं. चिरा, मग जाळी, मग चुना. सकाळी अकराला, राख परत तपासून, माळ्यावर हाक मारून, गठ्ठा उलटून बघून.

५ जून, गुरुवार

पावसानं उघडीप दिली. गडी तीन तारखेला चढले, आज उतरले. फुटकी कौलं १४० निघाली. कोन्याची कौलं चुन्यात बसवली. वळचणीला सगळीकडून जाळी. चिमुकली वटवाघळं आढ्याच्या एका फटीत होती, ती गड्यांनी दाखवली. तेवढी फट तशीच ठेवायला सांगितली. रात्री डास तीच खातात आणि माणसाच्या झोपेत त्यांचं काही येत नाही.

माळा साफ केला. विष्ठेचा ढीग आधी साबणपाण्यानं भिजवून, मग खरवडून. कोरडा झाडला तर धूळ छातीत जाते. गोधड्या जाळल्या नाहीत. विहिरीमागे खड्ड्यात पुरल्या, त्यात बियाही आहेत.

२२ जून, रविवार

गडी उतरल्यापासूनही सतरा रात्री माळा शांत. उंदीर मात्र वाढलेत, हे कबूल करायला हवं. वर कांडेचोर होतं तेव्हा उंदीर कमी होते. औषध घालणार नाही. गोठ्यात ती आहे. पत्र्याचे सापळे-पिंजरे, धान्य पत्र्याच्या डब्यांत, न्हाणीवरचं भोक सिमेंटनं बंद.

काकींचा निरोप: पाडव्यापासून एकही कोंबडी गेली नाही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

पाऊस मुसळधार. साबुदाणा भिजवायला मागीलदारी गेले, तर गोठ्याच्या गडग्यावर, चिऱ्याच्या सपाट माथ्यावर, जांभळाच्या बियांचा नवा ढीग. पावसानं धुऊन जांभळट पाणी चिऱ्यावरून खाली ओघळत होतं. शेजारी चिखलात पाच बोटांचे ठसे, एक मोठं, एक लहान.

आईला बोलावून दाखवलं. ती छत्री धरून बराच वेळ उभी होती.

दिवाळीनंतर गोठ्याचं छप्पर दुरुस्त करायचं म्हणून सुतारदादा यादी मागताहेत. मागच्या कोपऱ्यातलं तुटकं कौल यादीत घालायचं नाही.